खून नीस्त

"आजोबा, खून म्हणजे मर्डर ना?"

अनुष्काने लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारलं. मी सिंकखालच्या कपाटात डोकं घालून आडवा झालो होतो. तिथला पाइप दोन दिवस ठिबकत होता आणि प्लंबरला बोलवायचं नाही असं मी सुनेला बजावलं होतं. सगळा जन्म पंप आणि पाइप दुरुस्त करण्यात गेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरच्या सिंकसाठी बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे काय!

"हो. मर्डर," मी आतूनच म्हटलं.

"स्वीट. मग मी बरोबर लिहिलंय."

"काय लिहिलंयस?"

तिने इंग्रजीतून वाक्य वाचलं. आजीने त्या शिपायाला सांगितलं की इथे मर्डर झालेला नाही.

"कुठला शिपाई?"

"इराणचा. आजीच्या हॉस्पिटलमधे आला होता तो, त्याच्या फ्रेंडला घेऊन. फ्रेंडला लागलं होतं. आजीने सांगितलं ना मला."

मी घाईने बाहेर आलो आणि डोकं कपाटाच्या चौकटीला आपटलं.

कांचन, माझी बायको, जूनमध्ये गेली. हा सप्टेंबर. ती नर्स होती. मिरजेला शिकली आणि सांगलीला निवृत्त झाली. मुलगा अनिरुद्ध भूकंपानंतरच्या बांधकामांसाठी ख्राइस्टचर्चला आला आणि पुढे आम्हालाही त्याने बोलावून घेतलं, त्याला आता दहा वर्षं होतील. सून कल्याणी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. अनुष्का त्यांची एकुलती एक. शाळेचं शेवटचं वर्ष. मराठी सगळं कळतं, बोलताना निम्मं इंग्रजी.

तिला इतिहासाचा प्रकल्प होता. लोकांनी उठून एखादी अनिर्बंध राजसत्ता कशी उलथवली ते लिहायचं. राज्य आपण निवडायचं. वर्गातल्या बहुतेकांनी फ्रान्स घेतलं. हिने बाईंना सांगितलं की माझी आजी इराणमध्ये होती, शहाची सत्ता गेली तेव्हा. बाई खुर्चीतून उठल्याच म्हणे.

एप्रिल-मे महिन्यांत शाळेतून आली की ती कांचनच्या पलंगाशी बसायची. फोन उशीवर ठेवायची आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करायची. मी त्या वेळी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचो आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने परत यायचो. आजारी माणसाच्या खोलीतून तेवढाच अर्धा तास बाहेर. कांचन काय सांगते हे मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, ती काय सांगणार? आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझं होतं.

आणि इराणची गोष्ट तर माझीच होती.

ती मी किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. सांगलीत सांगितली, पुण्यात व्याह्यांकडे सांगितली, इथे गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या घरी चार माणसं जेवायला जमली की सांगितली. गोष्ट अशी. सत्त्याहत्तर साली इराणला नर्सेस हव्या होत्या. कांचनची निवड झाली आणि मी तिच्या व्हिसावर मागोमाग गेलो. पुढे त्याच हॉस्पिटलमध्ये पंप आणि जनरेटरचा मेकॅनिक म्हणून लागलो. कांचनला जाऊन दोन महिने झाले होते. तिला फारसी येत नव्हती, मी पंपहाउसमध्ये चार शब्द उचलले होते. एक दिवस कॉरिडॉरमधून एक दाढीवाला माणूस धावत आला, शर्ट लालेलाल, आणि तिच्यासमोर उभा राहून ओरडायला लागला, "खून! खून!" झालं! कांचन पळाली ती थेट चादरींच्या खोलीत, आतून कडी. दार उघडेना. मला पंपहाउसमधून बोलावून आणलं. मी दाराला तोंड लावून म्हणतो, "अगं, त्याच्या बायकोला बाळंतपणात रक्त हवंय. फारसीत खून म्हणजे रक्त!" आतून ही म्हणते, "आधी पोलिसांना बोलवा!"

इथे सगळे हसायचे. मी शेवटचं वाक्य कांचनच्या आवाजात म्हणायचो.

आणि सगळे हसत असताना कांचन उठायची. "पाणी आणते," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. ट्रेमध्ये भरलेले ग्लास घेऊन यायची. कोणी मागितलेले नसायचे, फारसं कोणी प्यायचंही नाही. तसेच परत जायचे. दरवेळी. मला वाटायचं, लाजते.

"आजोबा, तुमचं डोकं ओके आहे?" अनुष्काने विचारलं.

"ठीक आहे. तू पहिल्यापासून वाच."

मी पाना हातात घेऊनच तिच्या समोरच्या खुर्चीत बसलो. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटला होता आणि कुंपणाजवळचं पिवळं झाड एका बाजूला झुकलं होतं. अनिरुद्ध आणि कल्याणी उद्याच्या जेवणाची खरेदी करायला गेले होते. उद्या कांचनचा वाढदिवस. असती तर पंचाहत्तर पूर्ण झाली असती. कल्याणीने चार घरच्यांना दुपारी बोलावलं होतं.

अनुष्काचे पहिले दोन भाग कारणांचे होते. महागाई, गुप्त पोलीस, तुरुंग, राजाच्या मेजवान्या. सगळं पुस्तकातलं, नीट लिहिलेलं.

"ॲब्सोल्यूट मोनार्की म्हणजे तिथे पार्लमेंट नव्हतं?" तिने विचारलं.

"होतं. तो सांगेल त्याला हो म्हणायला होतं."

"आपल्याकडेपण किंग आहे. ट्वेंटी डॉलरच्या नोटवर अजून त्याची मदर आहे."

"हे नोटेवरच राहतात. तो नोटेवर होता आणि घराघरातही होता. आमच्या पंपहाउसमध्येसुद्धा त्याचा फोटो. माझ्याबरोबर एक म्हातारा फिटर होता, तो फोटोकडे पाठ करून कधी जेवायचा नाही. कोणी बघितलं तर, म्हणायचा."

"आणि मग? लोकांनी फाइट केली?"

मी जरा विचार केला. "लोक मेले. फाइट केली असं नाही म्हणता येणार. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला नुसती माणसं. रोज चौकात यायची, पडायची, चाळिसाव्या दिवशी मेलेल्यांसाठी परत जमायची, परत पडायची. पण राजा गेला तो पंपवाल्यांमुळे."

"पंपवाले? रिअली, आजोबा?" ती हसली. "तुम्हाला सगळीकडे पंप दिसतात."

"अगं, तेलाच्या विहिरींवरच्या लोकांनी व्हॉल्व्ह बंद केले. संप. तेल थांबलं. तेलाच्या देशात रॉकेलला रांगा लागल्या. वीजवाल्यांनी संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला वीज घालवायला सुरुवात केली, राजाचं तोंड टीव्हीवर दिसू नये म्हणून. बँका बंद. कस्टम बंद. राजाचा हुकूम म्हणजे काय असतो? कोणीतरी जाऊन व्हॉल्व्ह फिरवला तर तो हुकूम. नाही फिरवला तर कागद."

तिने ते टाइप केलं. "दिस इज हीप्स गुड," म्हणाली.

मला बरं वाटलं. मी आणखी सांगितलं. जानेवारीत राजा विमानाने गेला त्या दिवशी सगळ्या गाड्या भर दुपारी दिवे लावून हॉर्न वाजवत फिरत होत्या. लोकांनी नोटांमधला राजाचा चेहरा कात्रीने कापून काढला होता. भाजीवाल्याने मला सुट्टे परत दिले तर नोटेच्या मधोमध भोक. मी विचारलं, ही चालेल का? तो म्हणाला, आता हीच चालेल.

"आणि आजी खूश होती?"

"असणार," मी म्हटलं. मग आठवून बघितलं. त्या दिवशी ती क्वार्टरमध्येच होती. मिठाईचा डबा शेजारच्यांनी आणून दिला होता, तो तिने उघडला नव्हता. "तिला बरं नव्हतं," मी म्हटलं.

मग अनुष्का तिसऱ्या भागावर आली. साक्षीदार. तिने कांचनचं बोलणं ऐकून, इंग्रजी करून उतरवलं होतं. डिसेंबरातला तो दिवस. सकाळी चौकात गोळीबार झाला. जखमींना दारं, फळ्या, गालिचे, हाताला येईल त्यावर घालून आणलं. बायकांनी घरच्या चादरी आणून पट्ट्यांसाठी फाडल्या. डॉक्टर कमी, नर्सेस कमी. कांचनला दोन कामं एकदम दिली होती. दुपारी दोन शिपाई आले. एकाला लागलं होतं. दुसऱ्याने डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली होती. कॉरिडॉरमध्ये लोक बसले होते, सगळे आजीकडे बघायला लागले. शिपायाने आजीला काहीतरी विचारलं. आजीने सांगितलं, मर्डर झालेला नाही. मग तो जखमी मित्राला घेऊन निघाला. मित्र दारातच मेला.

"मला वाटलं तो इन्व्हेस्टिगेट करायला आला होता," अनुष्का म्हणाली. "पण मिसने लिहिलंय, हे क्लिअर नाही. हा मर्डरचा प्रश्न कुठून आला? तुमची ती मर्डरवाली गोष्ट पण आहे ना, पार्टीत सांगता ती? ती हीच का?"

"तू ती ऐकली नाहीस कधी?"

"आम्ही आतल्या रूममधे असायचो ना. पिझ्झा, मूव्ही. बाहेरून नुसतं खून खून ऐकू यायचं आणि मग सगळे हसायचे. आय थॉट, वियर्ड."

माझ्या हातातला पाना मी टेबलावर ठेवला. खाली कागद नव्हता, टेबलाला काळा डाग पडला.

"आजीचे शब्द काय होते? मराठीतले?"

"ऐकवू?"

तीन महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. फोनमध्ये तिचे व्हिडिओ होते, ते मी उघडले नव्हते. नको म्हणणार होतो, तोवर अनुष्काने बोट लावलंसुद्धा.

शेवटच्या दिवसांतला आवाज. बारीक झालेला, मधेच दम घेणारा. "सगळे माझ्याकडे बघत होते. तो म्हणत होता, खानुम, खून. खानुम, खून. मी म्हटलं, खून नीस्त. खून नाही. बस्स. पुढचं नको लिहूस." मग नुसता ऑक्सिजनच्या मशिनचा आवाज. मग, "पाणी दे गं जरा."

अनुष्काने बंद केलं. "सॉरी आजोबा. मी प्ले करायला नको होतं."

"नाही," मी म्हटलं. "बरं केलंस. खून म्हणजे मर्डर नाही इथे. मराठीत मर्डर. फारसीत खून म्हणजे रक्त. शब्द तिकडूनच आला आपल्याकडे, येताना अर्थ बदलला. खानुम म्हणजे बाई, आणि खून नीस्त म्हणजे रक्त नाही."

"ओ माय गॉड." तिने कपाळावर हात मारला. "ब्लड! तो त्याच्या फ्रेंडसाठी ब्लड मागत होता. आणि हॉस्पिटलमधलं ब्लड संपलं होतं. ओ नो. पुअर आजी. आजोबा, मी मर्डर लिहिलं असतं! फ्रायडेला सबमिट आहे!"

तिने वाक्य खोडलं आणि नवीन लिहायला लागली. कीबोर्डचा आवाज येत होता आणि मी टेबलावरच्या डागाकडे बघत होतो.

कारण त्या दुपारी रक्त होतं.

हे जगात आता मला एकट्याला माहीत आहे. शहराची वीज सकाळीच गेली होती. डिझेल कमी होतं, म्हणून मी जनरेटरवरच्या सगळ्या लाइन तोडून दोनच ठेवल्या होत्या. एक ऑपरेशन थिएटरची आणि एक रक्ताच्या फ्रिजची. दर अर्ध्या तासाने मी स्वतः जाऊन फ्रिज बघत होतो. कॉरिडॉरमध्ये रक्त देऊन आलेले लोक भिंतीला टेकून बसले होते, कोपरात कापूस दाबून. फ्रिजच्या दाराशी एक बाई बसली होती. चादरी आणल्या होत्या तिने. तिचा मुलगा सकाळी चौकात गेला होता आणि अजून कुठल्याच फळीवरून आला नव्हता. कांचनकडून किल्ली घेऊन मी फ्रिज उघडला तेव्हा त्या बाईने आत हात घालून एका बाटलीला लावला आणि मला विचारलं, थंड आहे ना? मी म्हटलं, थंड आहे. ती म्हणाली, आमच्या मुलांसाठी आहे हे. फक्त आमच्या मुलांसाठी. मी म्हटलं, हो बाई. चार बाटल्या होत्या. फ्रिजची किल्ली त्या दिवशी कांचनच्या गळ्यात होती, तेच तिचं दुसरं काम.

ते दोन शिपाई आले तेव्हा मी खाली जनरेटरजवळ होतो. एक शिपाई दारात मेला हे मला नंतर कळलं. त्या दिवशी इतके मेले होते की त्यातला हा एक.

मी स्वतःला सांगून पाहिलं की रक्तगट जुळला नसेल. चारी बाटल्या दुसऱ्याच गटाच्या असतील. असंही होतं. पण गट जुळला नाही म्हणून कोणी सत्तेचाळीस वर्षं पाणी आणायला उठत नाही.

आणि एक गोष्ट आठवली. त्या दिवशी ती क्वार्टरवर आली, तेव्हा अजून उजेड होता. तिने मोरीत हात धुतले. खूप वेळ धुतले. मग तिथूनच, माझ्याकडे पाठ करून विचारलं, "अहो, जनरेटर दुपारभर चालू होता का?"

मला वाटलं, माझं कौतुक करायचंय. मी म्हटलं, "एक मिनिट बंद पडला नाही. तू फ्रिज बघितलास ना? बर्फासारखा."

तिने नळ पुन्हा सोडला.

हेही मी लोकांना सांगायचो. खूनच्या गोष्टीनंतर ही दुसरी. क्रांती होत होती, वीज नव्हती, डिझेल नव्हतं, पण आपला जनरेटर एक मिनिट बंद पडला नाही. अनिरुद्ध हे ऐकत मोठा झाला. कांचन तेव्हाही तिथेच असायची. सांगलीला परत आल्यावर ती वर्षातून तीनदा रक्त द्यायला जायची. इथे येऊनही जायची, बसने, एकटीच. वय झालं म्हणून इथल्या लोकांनी थांबवलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. मी म्हणायचो, हिची तिथे मैत्रीण आहे कोणीतरी.

"आजोबा?" अनुष्का माझ्याकडे बघत होती. "मिस म्हणते सेकंड विटनेस पाहिजे. एकाच माणसाच्या मेमरीवर डिपेंड नाही करायचं. तुम्ही पण तिथे होता ना? तुम्ही कन्फर्म करा. हॉस्पिटलमधे ब्लड नव्हतं. राइट?"

तिच्या पुढ्यात एक छापील कागद होता. साक्षीदाराचं नाव, त्याचं काम, तो काय सांगतो, सही.

मी आयुष्यात कुठल्याही मशिनबद्दल खोटं बोललो नव्हतो. गिऱ्हाइकाशी नाही, मालकाशी नाही. पंप माझ्या चुकीने जळला असेल तर माझ्या चुकीने जळला असं सांगायचो.

"नव्हतं," मी म्हटलं.

"संपलं होतं?"

"खराब झालं होतं. फ्रिज बंद पडला होता."

"का?"

"जनरेटर बंद पडला. दुपारी. दोन-अडीच तास. मी चालवत होतो तो. माझ्याकडून बंद पडला."

तिने लिहून घेतलं. मग थांबून माझ्या हातावर हात ठेवला. "इट्स नॉट युअर फॉल्ट, आजोबा. डिझेल नव्हतं ना. स्ट्राइक होता."

"हो. स्ट्राइक होता."

मी सही केली. सुधाकर ताम्हणकर, जनरेटर मेकॅनिक. हाताला काळं तेल होतं, कागदावर अंगठ्याचा ठसा उमटला. अनुष्का म्हणाली, असू दे, मिसला आवडेल. मग मी परत सिंकखाली गेलो. वॉशर बदलायचा होता, तेवढंच काम. पण मला बराच वेळ लागला.

रविवारी दुपारी पंधरा माणसं होती. कल्याणीने कांचनच्या पद्धतीची मसुऱ्याची आमटी केली होती. कांचनचा फोटो टीव्हीच्या बाजूला, खाली पिवळी फुलं. विभावरी, शशिकांतची बायको, पानं वाढत होती. शशिकांत मंडळाचा जुना अध्यक्ष, माणूस मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला. दोन नवी जोडपी होती, नुकतीच पुण्याहून आलेली. त्यांनी कांचनला पाहिलंही नव्हतं.

जेवणं होत आली होती. अनुष्का बापाच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं? आजोबांचा जनरेटर बंद पडला होता. रेव्होल्यूशनच्या वेळी. म्हणून आजीकडे ब्लड नव्हतं."

"छे," अनिरुद्ध हसला. "काहीतरी चुकतंय तुझं. त्यांचा जनरेटर एक मिनिट बंद पडला नाही. मला पाठ आहे ते वाक्य. विचार त्यांना."

"पडला होता," मी म्हटलं.

अनिरुद्धचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही तर नेहमी..."

"फुशारकी मारायचो. पडला होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. आईसारखे डोळे आहेत त्याचे. मग त्याने घास तोंडात घातला. कल्याणीने मला भात वाढला, नको म्हणत असताना.

शशिकांतला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्याने ताट बाजूला सारलं आणि टाळी वाजवली. "काका! आता ती खूनवाली होऊन जाऊ दे. काकूंचा वाढदिवस आहे. आणि या नव्या लोकांनी ऐकलेली नाही."

"शशी, आज कशाला," विभावरी म्हणाली.

"अगं, आजच! काकूंची खरी आठवण तीच. रडत काय बसायचं? काकूंना आवडायची ती गोष्ट. आवडायची की नाही हो काका?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवी मुलगी, पुण्याची, कौतुकाने पुढे सरकून बसली. टीव्हीशेजारी कांचनचा फोटो. अनुष्काही बघत होती. आज ती पहिल्यांदाच मोठ्यांच्या पंगतीत होती.

मी उठलो.

"पाणी आणतो," मी म्हटलं.

"अहो बाबा, बसा तुम्ही. पाणी आहे की," कल्याणी म्हणाली. टेबलावरचा पाण्याचा जग भरलेला होता. सगळ्यांचे ग्लासही भरलेले होते.

"आणतो," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात मी कपाटातून ट्रे काढला. स्टीलचे ग्लास, सांगलीहून आणलेले. एकेक मांडला. नळ सोडला. खाली पाइपमधून पाणी जाताना आता एक थेंब गळत नव्हता.

बाहेर शशिकांतचा आवाज आला. "मीच सांगतो. मला पाठ आहे. तर इराण. साल सत्त्याहत्तर. काकूंना जाऊन दोन महिने झालेले, फारसीचा एक शब्द येत नाही..."

माझेच शब्द होते. मी जिथे थांबायचो तिथेच तो थांबत होता. दाढीवाल्याचा शर्ट लालेलाल म्हणताना मी हात छातीवरून फिरवायचो, तोही फिरवत असणार. हे बंद करायला कुठला व्हॉल्व्ह आहे ते मला माहीत नव्हतं. ती गोष्ट मी पंधरा वेगवेगळ्या घरांत सांगून ठेवली होती.

"...आणि हा माणूस काकूंसमोर उभा राहून ओरडतो, खून! खून!"

पहिला ग्लास भरला. मी तो बाजूला घेतला नाही. पाणी काठावरून सिंकमध्ये वाहत राहिलं.

"...आणि काकू आतून म्हणतात, आधी पोलिसांना बोलवा!"

सगळे हसले. नवी मुलगी सर्वांत जोरात. मी नळ आणखी मोठा केला आणि हसणं संपेपर्यंत तिथेच, दाराकडे पाठ करून, उभा राहिलो. मग ग्लास भरले आणि ट्रे उचलला.